शिकवलेला हात

श्रीकृष्णकाकांवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. आडून आडून बोलायचा माझा स्वभाव नाही, आणि या माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही. यवतमाळात आमच्या गल्लीत त्यांना सगळे देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांच्या हाताखाली तीन हंगाम काढले आहेत.

काका कापसाचे ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे खरेदी केंद्राच्या फाटकाशी उभं राहून शेतकऱ्याच्या बैलबंडीतल्या कापसात हात घालणारा आणि त्याची प्रत ठरवणारा माणूस. सुपर, त्याखाली एफएक्यू, त्याखाली फेअर. त्याच्याही खाली 'परत', म्हणजे बैल फिरवा आणि चालू लागा. ती वर्षं कापसाला वाईट होती. केंद्राबाहेर दीड-दीड किलोमीटर रांग लागायची, माणसं चार-चार दिवस बंडीखाली जेवायची, बंडीखालीच झोपायची. मग आत आल्यावर ग्रेडर एक शब्द बोलायचा आणि वर्षभराच्या मेहनतीचं काय ते ठरून जायचं.

बाबा आणि काका एका शाळेतले. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. शेत आम्ही पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. मी बीएससी ॲग्री केलं तेव्हा आई लोकांना सांगायची की पोरगी पुढे बँकेच्या परीक्षा देणार आहे. पण मला लहानपणापासून काकांच्या हाताचं वेड होतं. ते घरी आले की आम्ही पोरं त्यांच्यासमोर निरनिराळा कापूस ठेवायचो, गादीतला, वातींचा, कुठून कुठून आणलेला. ते डोळे मिटून चिमटीत धरायचे आणि हा कोरडवाहू, हा ओलिताचा, हा शेवटच्या वेचणीचा, असं सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. मला तो हात हवा होता. नोकरी, पगार, सगळं ठीक, पण खरं म्हणजे मला तसा हात हवा होता.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर मी त्यांच्याच केंद्रावर शिकाऊ ग्रेडर म्हणून रुजू झाले. घाटंजीच्या पुढचं गाव, नाव घेत नाही. त्या फाटकाशी उभी राहिलेली मी पहिलीच बाई. शेतकरी आधी माझ्याकडे बघायचे, मग काकांकडे, मग आपल्या बैलांकडे. हमाल तोंड फिरवून हसायचे.

माझ्याकडे वही होती. वहीत बारा मुद्दे होते: रंग, चमक, पाल्याचा कचरा, किडलेली कवडी बोंडं, सरकीचा आकार, तंतूची लांबी, ओलावा, असं करत करत बारा. मी बंडीवर चढायची, एकेक मुद्दा तपासायची, खूण करायची. एका बंडीला वीस मिनिटं. मागचे बैल हंबरायला लागायचे. काका हे सगळं कौतुकाने बघत उभे राहायचे आणि माझं झालं की पुढे व्हायचे. वरून एक मूठ, मधून एक मूठ, मग कोपरापर्यंत हात घालून तळाची एक मूठ. दोन अंगठ्यांत धरून एक झटका, तंतूंकडे ओझरती नजर, आणि निकाल. तेवढ्यात बंडीवाल्याला नीट श्वासही घेता यायचा नाही.

मी विचारायची, कशावरून? ते म्हणायचे, सांगता येत नाही. मी म्हणायची, काहीतरी असेलच ना, रंग, ओलावा, काहीतरी. ते हसायचे. तू बारा गोष्टी बघतेस, मी एकच बघतो, असं म्हणायचे. ती एक गोष्ट कोणती ते मात्र त्यांनाही सांगता येत नसे. मला ते फार थोर वाटायचं. कॉलेजात आम्हाला शिकवणारे सगळं सांगू शकायचे आणि त्यांना काहीच येत नसे. इथे उलटं होतं.

शिकवायची त्यांची पद्धत साधी होती. बंडी आली की आधी मी हात घालायचा आणि हळूच, फक्त त्यांना ऐकू येईल असा माझा ग्रेड सांगायचा. मग ते मोठ्याने खरा ग्रेड सांगायचे. मी चुकले तर ओरडायचे नाहीत. माझं मनगट धरून हात परत कापसात घालायला लावायचे. 'पुन्हा घाल. आता बघ, कसा लागतो.' त्यांनी सांगितलेला ग्रेड हाताला पटेपर्यंत हात आत ठेवायचा. पहिल्या महिन्यात दहातल्या सहा बंड्या चुकायच्या. संक्रांतीपर्यंत तीन. होळीच्या सुमाराला दिवसच्या दिवस एकही चूक न होता जायला लागला आणि मी वही घरी ठेवून यायला लागले.

चूक आणि बरोबर हे शब्द मी किती सहज वापरते बघा. काका म्हणतील ते बरोबर. दुसरं माप माझ्याकडे नव्हतं, आणि असावं असं मला वाटलंही नाही.

त्या पहिल्याच महिन्यात हिरासिंगची बंडी आली होती. केंद्रापासून कोसभरावर डोंगराच्या पायथ्याला बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला हा म्हातारा. पण बंडी हाकण्यापुरताच तो. कापूस होता त्याच्या बायकोचा, रुपीबाईचा. ती बंडीच्या मागून चालत आली आणि चाकाला हात टेकून उभी राहिली. तिच्या बंडीत तीन गठड्या वेगवेगळ्या बांधलेल्या होत्या, पहिल्या वेचणीची, दुसरीची, तिसरीची. बाकी सगळे एकत्र कोंबून आणायचे, हीच एक अशी. मी वहीतले बारा मुद्दे तपासले आणि काकांना हळूच म्हटलं, सुपर.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग गठडीत हात घातला आणि मोठ्याने म्हणाले, फेअर.

त्या दिवशी त्यांनी माझा हात बराच वेळ आत ठेवायला लावला. कुरकुरतोय ना, म्हणाले. लागतोय ना कोरडा? हा करपलेला कापूस. तंतू असा कडक झाला की गिरणीत तुटतो. आणि वास घे. मी वास घेतला. धुराचा वास होता. तांड्यावरची घरं लहान, कापूस घरातच चुलीच्या अंगाला रचतात, त्यामुळे तांड्याच्या सगळ्याच कापसाला तो वास असायचा. धुरकट म्हणजे बिघडलेला, काका म्हणाले, आणि चांगला कापूस कसा असतो तेही दाखवलं. त्यांनी मला मागच्या एका ट्रॅक्टरपाशी नेलं. तिथे हात घातला तर गार, मऊ, भरलेला लागला. हा मुरलेला कापूस, म्हणाले. हा सुपर. हे हाताने लक्षात ठेव, डोक्याने नको.

मी हाताने लक्षात ठेवलं. कोरडा आणि कुरकुरीत म्हणजे खालचा, गार आणि मऊ म्हणजे वरचा. बाकी कचरा, रंग, कवडी, यातलं त्यांनी शिकवलेलं सगळं खरं होतं, म्हणून हेही खरंच असणार. पुस्तकात होतंच की, कापूस फार वाळला तर तंतू कमजोर होतो. पुस्तकात 'फार' म्हणजे किती तेही दिलेलं होतं. पण पुस्तक मी घरी ठेवून आले होते.

दुसऱ्या हंगामात काकांनी मला एकटीला उभं केलं. ते मागे खुर्ची टाकून बसायचे. लोक आता माझ्याकडेच बघायचे. मी पटापट सांगायची, हात घातला की शब्द आपोआप यायचा. विचार करावा लागत नव्हता, आणि या विचार न करण्याचा मला केवढा अभिमान होता. काकांच्या ग्रेडवर लोक कुरबुर करायचे, कुणी शिव्या द्यायचे. माझ्या ग्रेडवर फारसं कुणी बोलत नसे. मला वाटायचं, बाईमाणूस म्हणून लाजत असतील.

रुपीबाई बोलली. जानेवारीत तिची बंडी आली, मी हात घातला, कुरकुर लागली, धूर आला आणि मी फेअर म्हटलं. ती रागावली नाही. नीट जवळ आली आणि खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

'काहून, बाई? मांगच्या साली बी फेअर. म्या दहिवर सुकल्याबिगर वेचत नाही, चुलीपाशी ठेवते. खराब काहून होऊन राह्यला मंग?'

तिने कारण विचारलं होतं आणि मला कारण देता येत होतं, याचाच मला आनंद झाला. काकांना सांगता यायचं नाही, मला येत होतं. मी तिला समजावलं. तंतू करपलेला आहे, कमजोर आहे. बियाणं कुठलं लावता, विचारलं. घरचंच, म्हणाली. मग मी काकांनी कधीही न सांगितलेली गोष्ट स्वतःच्या अकलेने जोडून दिली: घरचंच बी वर्षानुवर्षं लावलं की थकतं, रुपीबाई, वाण उतरत जातं, बियाणं बदला. ती ऐकत होती. माझ्याच वयाची तिला मुलगी असेल, पण ती मान हलवत होती ती डॉक्टरपुढे हलवतात तशी. मागे खुर्चीवर बसून काका हे सगळं ऐकत होते.

तिसऱ्या हंगामात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ते पंधरा दिवस यवतमाळला गेले आणि केंद्र माझ्या हातात आलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी काकांच्या जावयाचा, अभिषेकचा ट्रॅक्टर आला. अभिषेकचा रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड होती आणि तो कापसाचा व्यापार करतो एवढं मला माहीत होतं. ट्रॅक्टरवर सातबारा कुण्या भलत्याच शेतकऱ्याचा होता, पण ते कागद बघणं माझं काम नव्हतं. मी हात घातला. गार, मऊ, भरलेला. हाताने सुपर म्हटलं, तोंडही उघडलं, आणि तेवढ्यात नाकाने धूर ओळखला.

मी तोंड मिटलं. परत हात घातला, खालून मूठ काढली, नाकाशी धरली. वरवर ओल्या सुताचा वास, आणि आत चूल. तीन वर्षं ज्या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या शिकवल्या होत्या, त्या एकाच मुठीत होत्या. हात म्हणत होता सुपर, नाक म्हणत होतं तांडा. दोघांनाही शिकवणारा माणूस एकच होता.

धर्मपाल नावाचा हमाल शेजारी उभा होता. मी त्याला विचारलं, हा कापूस कुठला?

'कालच्या परत गेलेल्या बंड्या न् त्या,' तो म्हणाला. 'तुमी फेअर म्हनलं नाहीतं परत लावलं, का लोक रस्ता ओलांडून जावयाले देऊन टाकते. तो वजनासाठी रातभर पानी मारते, सकाळी इकडं आनते. मॅडम, तुमाले खरंच माहीत नाही? आमाले वाटे, तुमी बी त्यातल्याच.'

सगळ्या हमालांना माहीत होतं, काट्यावरच्या माणसाला माहीत होतं, चहावाल्याला माहीत होतं. तीन वर्षं त्या फाटकाशी कापूस ओळखणारी एकटी मी होते आणि मलाच माहीत नव्हतं.

ऑफिसच्या कपाटात ओलावा मोजायचं मीटर होतं. बिघडलंय, असं काका पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. मी ते काढलं, चहावाल्याच्या रेडिओतले सेल काढून त्यात घातले. काटा हलला. अभिषेकच्या कापसात चौदा. बारावर परत पाठवायचा असा नियम. रांगेत तांड्याच्या पाच बंड्या होत्या. पहिलीत आठ, दुसरीत आठ, तिसरीत साडेसात. म्हणजे अगदी हवा तसा. चुलीच्या उबेने त्या लोकांनी कापूस नेमका राखला होता. मग मी कॉलेजात केलं होतं तसं काळं फडकं पसरलं, त्यावर तंतू ओढून सरळ लावले आणि पट्टी धरली. लांबी उत्तम. ओढून पाहिला, तुटेना. पाचही बंड्या सुपर होत्या. हे करायला मला दीड तास लागला आणि रांगेतले लोक ओरडत होते.

त्यानंतर जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी पट्टी खिशात घातली आणि त्याच पहिल्या बंडीत पुन्हा हात घातला. आता मला माहीत होतं. आकडा पाहिला होता, लांबी मोजली होती. तरी हात म्हणाला, फेअर. मी काढला, पुन्हा घातला. फेअर. दहा वेळा घातला असेल. त्या दिवशी मी त्या लोकांदेखत रडले, याची मला लाज वाटत नाही.

रविवारी मी काकांकडे गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी, पुढे पोह्यांची बशी. रत्नप्रभाकाकू म्हणाल्या, बरं झालं आलीस, दिवसभर तुझंच नाव असतं यांच्या तोंडी. त्या आत गेल्यावर मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते नाकारतील, चिडतील, निदान चपापतील. ते पोहे खात राहिले.

मी विचारलं, रुपीबाईचा कापूस खरा कोणता होता? ते लगेच म्हणाले, सुपर. पहिल्याच वर्षी तूही बरोबर सांगितलं होतंस. असा कापूस त्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाचा नाही. आणि ते हे कौतुकाने म्हणाले. डोळ्यापुढे नसलेल्या त्या कापसाचं कौतुक त्यांच्या आवाजात होतं.

तेव्हा मला कळलं. त्यांचा हात शाबूत होता. ते खोटं बोलत होते, पण आत कुठेतरी खरा ग्रेड रोज, प्रत्येक बंडीला, त्यांना बरोबर कळत होता. तो त्यांनी स्वतःपाशी ठेवला. मला दिला तो फक्त दुसरा.

'मग मला असं का शिकवलंत?' मी विचारलं. 'खोटंच बोलायचं होतं तर खरं शिकवून खोटं बोलायला सांगायचं होतं. मी नाही म्हटलं असतं, एवढंच झालं असतं.'

'म्हणूनच तर,' काका म्हणाले. 'तू नाही म्हटलं असतंस. आणि बेटा, खोटं बोलणाऱ्याचा चेहरा लोकांना कळते. माझ्यावर लोक कुरबुर करून राहिले होते, वर तक्रारी जाऊन राहिल्या होत्या. तुझ्यावर एक तरी आली का? तू खोटं बोलतच नव्हतीस.'

मी म्हटलं, आता शिकवा. खरं शिकवा. मला स्वतःचीच चीड आली, पण मी म्हटलं. त्यांनी बशी खाली ठेवली. एकदा बसलेला हात उठत नाही, असं ते म्हणाले. नवशिक्या पोराला शिकवता येतं, तू आता नवशिकी राहिली नाहीस. आणि मग, देवमाणसाला शोभेल अशा मायेने म्हणाले, मीटर वापर, मीटर चांगलं असतं.

मी तक्रार केली. बाबा म्हणाले करू नको, आपल्यातला माणूस आहे, निवृत्तीला चार महिने राहिलेत. केली तरी. चौकशीला एक साहेब आले, त्यांच्यासमोर मीटर चाललं नाही. माझे मागच्या दोन वर्षांचे ग्रेड काढून त्यांनी काकांच्या ग्रेडशी ताडून पाहिले आणि मलाच विचारलं, मॅडम, यातले किती तुम्ही दबावाखाली दिलेत? एकही नाही, मी म्हटलं. खरंच एकही नव्हता. साहेबांनी तसं लिहून घेतलं. काकांना शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला आणि आमच्या गल्लीत मी कृतघ्न ठरले.

त्या तिसऱ्या हंगामात रुपीबाईची बंडी आली नव्हती. बाकीचा तांडा येऊन गेला, ती नाही. फेब्रुवारी संपत आला तेव्हा मी एका दुपारी चालत तांड्यावर गेले. तिला सांगायचं होतं की तुमचा कापूस सुपर होता, दोन्ही वर्षं, आणि मी चुकले. एवढं तरी आपल्याला खरं सांगता येईल असं वाटत होतं. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती.

हिरासिंग बाजेवर पडला होता. रुपीबाईने मला पाणी दिलं, आतून घोंगडी आणून टाकली आणि मी ती जुळवलेली वाक्यं बोलले. काकांचं सांगितलं, जावयाचं सांगितलं. ती अजिबात चकित झाली नाही.

'त्या बुढ्याचं आमाले पह्यल्यापासून माहीत हाये,' ती म्हणाली. 'तो फेअर म्हने तं आमी घरी येऊन हासो. त्याच्या म्हनन्यानं माहा कापूस थोडीच खराब होते. पन तू चोर नव्हती, पोरी. तुह्या तोंडावर दिसे. तू म्हनलं, तवा मले वाटलं, माहंच काही चुकून राह्यलं असन.'

मग तिने सांगितलं. बी तिच्या सासूचं होतं, सासूला तिच्या सासूने दिलेलं. दरवर्षी वावरात फिरून स्वतःला आवडतील तीच झाडं रुपीबाई हेरायची, त्यांची बोंडं वेगळी वेचायची, त्यांची सरकी वेगळी ठेवायची. कशावरून आवडायची ते तिला सांगता येत नव्हतं. चाळीस वर्षं तिने ते केलं होतं. मी बी थकलं म्हटल्यावर ती उन्हाळाभर विचार करत राहिली, आणि जूनच्या आधी ती सगळी सरकी तिने म्हशीला चारली. जूनमध्ये दुकानातलं पाकीट आणून लावलं.

मी विचारलं, सगळीच? थोडीही नाही ठेवली? कुणा शेजाऱ्याकडे, नातेवाइकांकडे?

नाही, ती म्हणाली. थकलेलं बी दुसऱ्याला कसं द्यायचं?

ती उठली आणि मला आत घेऊन गेली. चुलीच्या अंगाला यंदाचा कापूस रचलेला होता, पाकिटाच्या बियाण्याचा, छातीएवढा. तिसरी वेचणी झाली तरी तिने तो केंद्रावर नेला नव्हता. तीनही वेचण्या एकाच ढिगात होत्या. तिने एक मूठ उचलली, बोटांत चोळली, दोन अंगठ्यांत धरून ओढली, पुन्हा चोळली. बराच वेळ तिचं ते चाललं होतं. मग तिने ती मूठ माझ्या हातात दिली.

'तूच सांग,' ती म्हणाली. 'कसा हाये? मले आता समजत नाही.'

मूठ माझ्या हातात होती आणि हाताने मला लगेच सांगितलं. तो नेहमीच लगेच सांगतो. मी ते उच्चारलं नाही. मलाही समजत नाही, असं मी रुपीबाईला म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही. कापूस इतका वाईट आहे की बाई बोलायला लाजते, असं समजून तिने मूठ माझ्या हातातून काढून घेतली आणि परत ढिगावर टाकली.